नोखद्याच्या वहीचं पहिलं पान

कुवेतहून परत आल्यावर वेंगुर्ल्यात जो भेटेल तो आधी माझ्या मनगटाकडे बघायचा. तिकडे जाऊन आलेल्या माणसाच्या हातात नवं घड्याळ आणि काखेत टेपरेकॉर्डर असणारच, असा आमच्या गावाचा ठाम समज आहे. माझ्या हातात जुनंच घड्याळ होतं आणि काखेत पुस्तकांचं गाठोडं.

"मगे तू थंय करी होतंस काय?" शेजारच्या तात्यांनी विचारलं.

"शिकत होतंय."

"कुवेताक कोण शिकाक जाता?" तात्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. पोरगा काहीतरी लपवतोय, असा त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव होता.

पण मी खरंच शिकायला गेलो होतो. पुण्यात इतिहासाचं एम.ए. करताना जुनी कागदपत्रं वाचायला म्हणून फारसी शिकलो आणि तिच्या मागोमाग अरबीचा नाद लागला. कुवेतच्या विद्यापीठाची परदेशी मुलांसाठी एक शिष्यवृत्ती होती. वर्षभर तिथे राहून अरबी शिकायचं. आमच्या सरांनी अर्ज माझ्याकडून जवळजवळ जबरदस्तीनं भरून घेतला आणि सत्तरीचं दशक संपता संपता मी कुवेतच्या विमानतळावर उतरलो. अंगात लोकरी कोट होता. आईनं परदेश म्हटल्यावर शिवून घेतला होता. तो मी विमानाच्या जिन्यावरच काढला.

शुवैख

आमचं वसतिगृह शुवैखला होतं. एका खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसायच्या, दुसरीतून गॅरेजांची रांग. वर्गात आम्ही बाराजण. तुर्की, कोरियन, सेनेगलचे दोघे, एक पोलिश मुलगा आणि मी. तिकडे सुट्टी शुक्रवारी, गुरुवारी अर्धा दिवस आणि शनिवारी आठवडा सुरू. पहिले दोन महिने माझा रविवार मला सापडत नव्हता. सकाळी डोळे उघडले की मन म्हणायचं आज पोहे, आणि वर्ग भरलेला असायचा.

जेवणाची हकीकत वेगळीच. तिकडच्या मसालेभाताला मचबूस म्हणतात. त्यात अक्रोडाएवढं, काळं, सुरकुतलेलं काहीतरी निघालं. मला वाटलं आमसुलाचा कुणी दांडगा भाऊबंद असणार. मोठ्या आनंदानं अख्खं तोंडात घालून चावलं. ते वाळवलेलं लिंबू होतं. स्वाद उतरला की ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचं असतं, हे शेजारच्या सेनेगली मित्रानं माझे डोळे पुसून झाल्यावर सांगितलं. आपल्याकडे भातातली लवंग कुणी परदेशी माणूस चावतो तेव्हा आपण हसतो. आता मी हसत नाही.

खरी पंचाईत भाषेची होती. वर्गात शिकलेलं अरबी घेऊन मी ऐटीत बाहेर पडायचो आणि बोलायला माणूस मिळायचा नाही. चहावाला मल्याळी, शिंपी पाकिस्तानी, न्हावी इराणी. मी ग्रंथातल्या अरबीत चहा मागितला की चहावाला शांतपणे विचारी, "चीनी कम या जादा?" अरबी शिकायला आलो आणि हिंदी सुधारली, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं.

वर्गात आम्हाला व्याकरण शिकवायचे उस्ताद बद्र. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं सडसडीत, पांढरा शुभ्र पायघोळ अंगरखा आणि त्यावर खडूचा एक कण नाही. ते हसत नसत. रागावतही नसत. चूक झाली की फक्त थांबायचे, आणि ते थांबणं रागावण्यापेक्षा जड जायचं. एक दिवस माझं पुस्तक बाकावरून पडलं आणि त्याला माझा पाय लागला. मी सवयीनं ते उचलून कपाळाला लावलं. उस्ताद थांबले.

"हे काय केलंस?"

"आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला की असं करतात."

"कुठल्याही पुस्तकाला?"

"कुठल्याही. कोऱ्या कागदालासुद्धा."

ते फळ्याकडे वळले. मला वाटलं, झालं, यांना आवडलं नाही. त्यांच्या धर्मात देवाशिवाय कशापुढेच डोकं लववत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण मार्च संपत आला तेव्हा एका शनिवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक वस्तू टेबलावर ठेवली.

फडकं सोडलं आणि मी बघतच राहिलो. आत लाल कापडी बांधणीची, पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली लांबट वही होती. आपल्या कुठल्याही वाण्याच्या गादीवर असते तशी. आत मात्र काळ्या शाईत घट्ट अरबी हस्ताक्षर होतं.

उस्तादांचे वडील नोखदा होते, म्हणजे गलबताचे कप्तान. आमच्या किनाऱ्यावरचा नाखवा तोच हा. खजूर भरून हिंदुस्थानात जायचं आणि मलबारातून लाकूड नि काथ्या घेऊन यायचं, हा त्यांचा धंदा. रोजचा वारा, रोजची दिशा, दिसलेली जमीन ते वहीत लिहून ठेवत. अशा वहीला तिकडे रोजनामा म्हणतात. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मला घरचा शब्द ऐकल्यासारखं वाटलं.

"मला याची स्वच्छ प्रत करायची आहे," उस्ताद म्हणाले. "पण मुंबईच्या खालची गावांची नावं मला लागत नाहीत. तू त्याच किनाऱ्याचा ना?"

मग त्यांनी पहिलं पान उघडून दाखवलं. वरच्या कोपऱ्यात, अल्लाच्या नावाच्या ओळीच्याही वर, बोटाच्या टोकाएवढा एक तांबूस तपकिरी डाग होता.

ही त्यांच्या वडिलांची शेवटची सफर. वही मुंबईत विकत घेतली आणि तिथेच नांगराच्या दोरानं त्यांचा तळहात फाटला. जखम वरून भरली, आतून चिघळत राहिली. मलबारहून परतताना भर समुद्रात ते गेले. खलाशांनी त्यांना समुद्रालाच दिलं. त्यांची पेटी आणि ही वही तेवढी घरी आली. बद्र तेव्हा पाच वर्षांचे होते.

"आई म्हणते हे त्याचं रक्त आहे," उस्ताद खिडकीकडे बघत म्हणाले. "दर गुरुवारी संध्याकाळी ती यावर बोट ठेवून त्याच्यासाठी दुआ मागते. कागदाला हात लावून असं मागणं मला पटत नाही. पण तिला नवऱ्याची कबर नाही. म्हणून मी काही म्हणत नाही."

वही माझ्याकडे देताना त्यांनी एकच अट घातली. गुरुवारी दुपारच्या आत ती परत हवी. "आईला न विचारता देतोय," ते म्हणाले.

रोज वर्ग सुटला की मी वही उघडून बसायचो. जैगर म्हणजे जयगड. राजाबूर म्हणजे राजापूर. वारा कुठला, पाणी किती वाव खोल, टेकडीवर पांढरं देऊळ दिसलं की नाही, सगळं लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी एक ओळ लागली: "पाण्यात जळके खडक, त्यांवर दिवा. दिवा डाव्या हाताला ठेवून पुढे गेलो." मी ती चारदा वाचली. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातले खडक आणि त्यांच्यावरचं दीपगृह. तो दिवा बघत मी लहानाचा मोठा झालो होतो. आम्ही तो बंदरावरून बघायचो आणि हा कुवेतचा माणूस पलीकडून. मला एकदम भडभडून आलं. खोलीतल्या कोरियन मित्राला वाटलं घरून वाईट बातमी आली. त्यानं मला निमूटपणे एक सफरचंद दिलं.

अबू हलीफा

बुधवारी पाडवा होता. आमच्या गावचे एक काका पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि अबू हलीफाला समुद्राकाठी फ्लॅटमध्ये राहायचे. काकू मूळच्या कराडच्या, इस्पितळात नर्स. माझा बहुतेक शुक्रवार त्यांच्याकडेच जाई. मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे निघालो तेव्हा वही बरोबर घेतली. वसतिगृहात ठेवायची सोय नव्हती, आमच्या खोलीत दिवसभर चहा सांडत असायचा. सुरक्षित राहावी म्हणून मी ती काकूंच्या घरी नेली, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

अबू हलीफाचा समुद्र वेंगुर्लेकराच्या मनात भरत नाही. लाट म्हणून नाही. उथळ, हिरवट पाणी, परातीत ओतून ठेवल्यासारखं. पण संध्याकाळी लोक सहकुटुंब तिथे सतरंज्या पसरून बसतात, थर्मासमधून चहा ओततात आणि अनोळखी माणसालाही हाक मारून पेला देतात. पुढे पुढे मी मुद्दाम पायांचा वेग कमी करून चालत असे.

त्या रात्री काकूंनी फग्याची भाजी केली होती. फगा हे वाळवंटातलं कंदासारखं काहीतरी. पावसाच्या चार सरी पडल्या की वाळू वर उचलते आणि तिथे उकरलं की बटाट्यासारखं हे सापडतं. हंगाम संपत आला होता. चव आमच्या पावसाळी अळंब्यांची. कुवेती लोक ते भातावर घालतात. काकूंनी गोडा मसाला आणि ओलं खोबरं घातलं होतं. मी चौथी पोळी घेतली तेव्हा काका म्हणाले, "उपाशी ठेवतात काय रे तुला?"

सकाळी गुढीचा प्रश्न निघाला. पडद्याची दांडी होती, तांब्या होता, काकूंची जरीची साडी होती. आंब्याचा डहाळा कुठून आणणार? काकूंची आठ वर्षांची मनीषा, तिनं हस्तकलेच्या हिरव्या कागदाची पानं कापून दिली. गुढी गॅलरीत उभी केली आणि पाच मिनिटांत इमारतीचा इजिप्शियन रखवालदार वर आला.

"हा कुठल्या देशाचा झेंडा?"

"इट्स नॉट अ फ्लॅग," मनीषानं ठणकावलं.

अखेर माझं अरबी कामाला आलं. आमचं नवं वर्ष आहे, हे शुभचिन्ह आहे, असं मी शुद्ध ग्रांथिक भाषेत समजावलं. त्यानं आदरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भांडं उलटं का?" याचं उत्तर मला मराठीतही येत नव्हतं. त्यानं शेवटी विनंती केली की वर्ष नवं असू द्या, पण काठी आत घ्या. परवानगीशिवाय काही फडकवायचं नाही. आमची गुढी मग दिवाणखान्यात सोफ्यामागे उभी राहिली.

या धावपळीत माझी आंघोळ राहिली होती. ती उरकून बाहेर आलो तर देवापुढे पाटीपूजन मांडलेलं. मनीषाची पाटी, तिची इंग्रजी पुस्तकं, काकांचं कसलंसं जाडजूड मॅन्युअल, आणि मधोमध चौरंगावर लाल वही. तिच्यावर फूल, अक्षता, समोर उदबत्ती नि कापूर.

"काकू, ती वही..."

"तुझीच ना ती? पिशवीत होती. म्हटलं शिकायला आलायस, तुझंही काहीतरी पूजेत हवं."

मी वही उचलायला वाकलो तर काकूंनी हात धरला. "आता दुपारपर्यंत हलवायची नाही."

"वर काही लावलं नाही ना?"

"वर कशाला? लाल कापडावर कुंकू दिसतं का? आत लावलंय, पहिल्या पानावर. वहीला आतच लावतात."

मी चौरंगापाशीच बसलो. मग सगळं सांगितलं. नोखदा, फाटलेला तळहात, रक्त, गुरुवार. काका हातातला चहा खाली ठेवून ऐकत होते. काकूंचा चेहरा आधी उतरला. मग त्यांनी नियम बाजूला ठेवून स्वतःच वही उचलली आणि खिडकीपाशी नेऊन पहिलं पान उघडलं.

"मी म्हटलं की आधीपासूनच कुणीतरी लावलेलं आहे, म्हणून त्याच्याखाली जागा बघून लावलं," त्या म्हणाल्या. "रक्त कोण म्हणालं तुला?"

"त्यांची आई."

"एकोणीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. रक्त सुकलं की काळं पडतं, पापुद्रा धरतं. हा डाग बघ. आणि शेजारी हे पिवळं काय आहे?"

मी वाकून पाहिलं. तांबूस डागाला लागून फिकट पिवळा असा दुसरा ठिपका होता. तीन दिवस ती वही डोळ्यांसमोर होती आणि मला तो कागदाचा जुनेपणा वाटला होता. खाली काकूंच्या बोटांचे दोन ठिपके होते, एक पिवळा, एक लाल. वरचे दोन आणि खालचे दोन तंतोतंत सारखे बसले होते, फक्त रंगांत कित्येक वर्षांचं अंतर.

"माझ्या वडिलांच्या दुकानात वह्या असायच्या," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला वही देताना पहिल्या पानावर हळद-कुंकवाचं बोट टेकवूनच द्यायचे. कोरी वही कुणाच्या हातात देऊ नये म्हणायचे. मुंबईच्या दुकानदारानं तेच केलंय."

मनीषानं विचारलं, "सो इज दॅट गुड ऑर बॅड?"

मला तर दोन्हीकडून फास बसला होता. उद्या उस्तादांना खालचा डाग दाखवायचा म्हणजे तो कशाचा ते सांगायचं, आणि ते सांगितलं की वरचा आपोआप उघडा पडणार. एका म्हातारीकडे नवऱ्याचं म्हणून जगात जे एवढंसं उरलं होतं, ते आमच्या घरातल्या चौरंगावर पुसलं जायची वेळ आली होती.

काकूंनी कापसानं डाग टिपून बघू का विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी कुंकू पाण्यात कालवून लावलं होतं, ते पसरलं असतं.

मिरकाब

गुरुवारी सकाळी मिरकाबला बस बदलायला उतरलो आणि आकाश पिवळं झालं. तिकडची धूळ येते ती वर्दी देऊन येत नाही. समोरची इमारत असते, मग नसते. वही सदऱ्याच्या आत पोटाशी धरून मी जे दार उघडं दिसलं त्यात शिरलो. ते नेमकं पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान निघालं. मालक हैदराबादचा, वयस्क, हाताला सरसाचा वास. त्यानं मला पाणी दिलं आणि पोटाशी काय आहे ते विचारलं.

बाहेर जायची सोय नव्हती. मी पहिलं पान दाखवलं.

"ये तो कुछ बी नहीं," तो म्हणाला. "ब्लेड से ऐसा खुरच देतूँ, इन्सान तो क्या, फरिश्ते को बी मालूम नै होता." त्यानं भिंग लावलं, पातं पुसलं, पान हातानं सपाट केलं. मग मान वर करून आपुलकीनं विचारलं, "ऊपर का दाग बी निकाल देऊँ क्या?"

मी वही त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतली.

खोटं बोलणार नाही, खालचा डाग खरवडून घ्यायचं माझ्या मनात आलं होतं. कुणाला कळलं नसतं. पण पातं त्या पानाला टेकणार म्हटल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. जाड कागदावर आणखी एक जखम कशाला? धूळ बसेपर्यंत तासभर मी त्या दुकानात बसलो आणि ठरवून टाकलं. खालच्या डागाची कबुली द्यायची. वरच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उस्तादांनी शिकवणं सोडलं, वर्गातून काढलं, शिष्यवृत्ती गेली, तरी.

उम्म बद्र यांच्या घरी

विद्यापीठात पोचलो तेव्हा माझ्या पापण्यांवरही धूळ होती. उस्ताद खोलीत वाट बघत होते. मी फडकं सोडलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. काल आमचं नवं वर्ष होतं. त्या दिवशी आम्ही पुस्तकांची पूजा करतो. काकूंना वही कुणाची ते ठाऊक नव्हतं. चूक माझी, मी ती तिथे न्यायला नको होती.

उस्तादांनी पान उघडलं. खालचे ठिपके पाहिले. ते थांबले. वर्गात थांबायचे तसंच, पण या वेळी संपेना.

"या पिवळ्याला काय म्हणतात?"

"हळद. अरबीत कुरकुम."

"आणि लाल?"

"तेही हळदीपासूनच करतात."

त्यांनी चष्मा काढला, वही खिडकीपाशी नेली आणि तिरपी धरली. त्यांची नजर खालून वर गेली, पुन्हा खाली आली. मी जमिनीकडे बघत उभा होतो. मला विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही. चष्मा लावून ते म्हणाले, "चल. गावांची नावं सांगणारा मुलगा आलाय असं आईला सांगितलंय मी. ती वाट बघतेय."

म्हणजे वही मला दिल्याचं तिला त्यांनी सांगून टाकलं होतं.

घर नव्या वस्तीत होतं, ऐसपैस, दिवाणखान्यात भिंतीला लागून गाद्या. उम्म बद्र, म्हणजे बद्रची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. आमच्याकडेही बाबल्याची आवस म्हटलं की अख्ख्या वाडीला कळतं, बाईचं स्वतःचं नाव रेशनकार्डावर तेवढं. काळ्या ओढणीतला बारीक चेहरा, डोळ्यांत मोतीबिंदू. मी वाकून पायांकडे हात नेणार होतो, तो वेळेवर आवरला आणि छातीवर ठेवला. छोट्या काचेच्या पेल्यांतून लाल चहा आला. मुलानं वही आईच्या मांडीवर ठेवली.

"वाच," ती मला म्हणाली.

मी नावं म्हणत गेलो, मला लागली होती ती सगळी. ती प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत परत म्हणत होती. जळक्या खडकांवरच्या दिव्याशी आलो तेव्हा मी सांगितलं की हा आमच्या गावचा.

"त्यानं बघितला तो दिवा तू बघितलायस?"

"लहानपणी रोज बघायचो."

"कसा आहे?"

"पेटतो, विझतो, परत पेटतो. पावसाळ्यात धुकं आलं की दिसत नाही. पण आहे हे माहीत असतं."

तिनं मान हलवली. मग सवयीनं पहिलं पान उघडलं आणि बोट वरच्या कोपऱ्यात नेलं. उस्ताद जागचे हलले नाहीत. मी हातातला पेला खाली ठेवला. तिचं बोट डागावर टेकलं, ओठ हलले. मग ती एकदम थबकली आणि वही उचलून तिनं नाकाशी नेली.

"बद्र," ती म्हणाली, "याला त्याच्या पेटीचा वास येतोय."

उस्ताद पुढे झुकले.

"मुंबईहून आला की पेटी उघडताना हाच वास यायचा. मी सगळ्यात वरचा कपडा कितीतरी दिवस धुवायचे नाही. इतकी वर्षं गेला होता वास. आज आलाय." ती पुन्हा पुन्हा पानाचा वास घेत राहिली. कापराचा आणि उदबत्तीचा तो वास, काकूंच्या देवघरातला. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत. धुळीचं निमित्त होतंच.

वही हलवताना शिवणीत अडकलेला तांदळाचा एक लाल दाणा तिच्या मांडीवर पडला. तिनं तो चाचपून बोटांत धरला. "हे काय? तांदूळ?"

मी उस्तादांकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नसावा.

"गलबत हिंदुस्थानातून आलं ना, आई," ते म्हणाले. "तांदूळ निघायचाच."

ती हसली आणि तिनं तो दाणा पानात होता तिथेच परत ठेवला.

मला वसतिगृहात सोडायला ते स्वतः आले. शुवैखच्या गॅरेजांशी गाडी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "दुकानदार वहीला ते का लावतो?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वही ज्याच्या हातात जाईल त्याचं भलं व्हावं म्हणून."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "म्हणजे मुंबईत त्या दिवशी कुणीतरी माझ्या वडिलांचं भलं चिंतलं होतं."

"हो."

फाटकाशी गाडी थांबली. मी उतरलो. त्यांनी काच खाली केली.

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

शनिवारी वर्गात ते नेहमीसारखेच होते. माझ्या क्रियापदांवर चारदा थांबले. त्यानंतर जून लागेपर्यंत दर गुरुवारी त्यांच्या घरचा चहा ठरलेला होता, आणि मला अरबी बोलायला शेवटी एक माणूस मिळालं. माझं अरबी त्यामुळे जरा म्हाताऱ्या बाईसारखं झालं, असं परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सांगितलं. काकूंनी उस्ताद काय म्हणाले ते पुन्हा पुन्हा विचारलं. मी सांगितलं की त्यांनी आभार मानलेत. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

ही हकीकत मी इतके दिवस लिहिली नव्हती. गेल्या महिन्यात उस्तादांचं पत्र आलं. उम्म बद्र गेल्या. आता लिहायला हरकत नाही, असं त्यांनीच कळवलंय. पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, दोन ओळी होत्या.

"वही आता माझ्याकडे असते. डाग कशाचा ते मला ठाऊक आहे, तरी गुरुवारी संध्याकाळी मी त्यावर बोट ठेवतो."